परातभर काशी

कार्तिकी पौर्णिमा उलटून दोन दिवस झाले होते. वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांत साताऱ्याकडचे अकरा यात्रेकरू उतरले होते आणि खाली स्वयंपाकघरात अंबिकाबाई पुणतांबेकर सदतिसावी पुरणपोळी तव्यावरून उतरवीत होत्या. ती उतरवता उतरवता, तूप न्यायला आलेल्या नवऱ्याला त्यांनी सहज विचारले, "अहो, आयतं ताट कसं लागतं हो?"

प्रश्नात तक्रार नव्हती, हेच वाईट होते. डोंगरात जन्म काढलेल्या माणसाने समुद्र कसा दिसतो हे विचारावे, तसा तो प्रश्न होता. यज्ञेशराव तुपाची वाटी हातात धरून उभेच राहिले. काशीतल्या मंगला गौरीच्या त्या गल्लीत पुणतांबेकरांच्या दहा पिढ्यांनी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घेतले होते, आणि 'आमच्या दारातून कुणी उपाशी गेला नाही' हे वाक्य त्या घरात कुळाच्या नावाइतक्याच अभिमानाने उच्चारले जाई. त्या वाक्यातला कर्ता कोण, हे दहा पिढ्यांत कुणी विचारले नव्हते. यज्ञेशराव तर न्यायशास्त्राचे प्राध्यापक. संस्कृत महाविद्यालयात तीस वर्षे वाक्यातला कर्ता शोधून देणे हाच त्यांचा व्यवसाय. त्यांना तो स्वतःच्या घरात, पिठाने माखलेल्या बोटांसह, सव्वीस वर्षांनी सापडला.

ते वर गेले आणि अकरा यात्रेकरूंच्या देखत त्यांनी प्रतिज्ञा केली: "येत्या सुटीत दोन दिवस अंबिका चुलीला हात लावणार नाही. ती यात्रेला जाईल, आणि तिथे तिला कुणीतरी वाढील." यात्रेकरूंनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी पोळ्या मागितल्या.

प्रतिज्ञेनंतर माणसाला भूगोल सुचू लागतो. नातेवाइकांकडे जाणे निरुपयोगी होते. नात्यातल्या कुठल्याही घरी पोचल्यापासून पाव तासात अंबिकाबाई त्या घरची भाजी निवडू लागत. हॉटेलात जायचे तर कोतवालाचे काय?

कोतवाल म्हणजे त्यांचा कुत्रा. काळा-तपकिरी पट्ट्यांचा, नऊ वर्षांचा, दीड कानाचा. काळभैरवाला काशीचा कोतवाल म्हणतात आणि कुत्रा हे त्याचे वाहन. त्या न्यायाने मुलीने, ऋताने, हे नाव ठेवले होते. कोतवालाची कीर्ती गल्लीभर अशी, की तो अंबिकाबाईंच्या हातचे सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचे खात नाही. नऊ वर्षांत त्याने हा नेम मोडला नव्हता, निदान कुणी पाहिले नव्हते. यज्ञेशराव ही गोष्ट यात्रेकरूंना मंदिरांच्या यादीआधी सांगत. तेव्हा अंबिकाबाई जिथे, कोतवाल तिथे, हे ठरलेले होते.

ऋता विद्यापीठात एम.एस्सी.ला होती आणि घरातल्या सगळ्या अडचणी तिच्या मोबाईलच्या पडद्यावरून आत-बाहेर करीत. तिने दुसऱ्या दिवशी जाहीर केले, "बाबा, मिल गया. इथून अडीच तासांवर, डोंगरात बंधाऱ्याचा तलाव आहे. काठावर कॅम्प. कुत्र्यांसकट राहता येतं. आणि भाड्याने एक गाडी मिळते, तिच्यात पलंग, बेसिन, गॅस, सगळं."

"म्हणजे गाडीतच घर?"

"हो."

"मग घरातच का राहू नये?"

"बाबा, प्लीज, इथे न्यायशास्त्र नको."

"बरं. जेवण?"

"आचारी आहे त्यांचा. तिन्ही वेळ आयतं."

यज्ञेशरावांनी डोळे मिटले. तलाव, डोंगर, गाडी, काहीही त्यांना दिसले नाही; दिसले फक्त अंबिकाबाईंच्या समोर येणारे एक ताट, आणि ते आणणारा एक अनोळखी हात.

कॅम्पची अट एकच होती: कुत्र्याचा परवाना हवा. परवान्याच्या कचेरीत खिडकीपलीकडे जे गृहस्थ होते, त्यांच्या चेहऱ्यावर जगातल्या सर्व अर्जांची संध्याकाळ पसरलेली होती.

"नस्ल?"

"काशीचाच आहे."

"देसी। जन्मतिथि?"

"आषाढ. दोन दिवस पाऊस लागला होता तेव्हाचा."

"गुरुजी, आषाढ का कॉलम नहीं है इसमें। तारीख लाइए।"

दुसरा कुणी असता तर त्याने वाटेल ती तारीख ठोकून दिली असती. यज्ञेशरावांना पुराव्यावाचून विधान करणे जमत नसे. ते घरी आले, नऊ वर्षांपूर्वीचे पंचांग काढले, त्या पावसाचा, पिल्लाचे डोळे उघडल्याचा आणि शेजारच्या बारशाचा मेळ घालून तिथी काढली. आणि एवढी मेहनत झालीच आहे तर, म्हणून कोतवालाची जन्मपत्रिकाही मांडून टाकली. खिडकीतल्या गृहस्थांनी ती पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, बराच वेळ न्याहाळली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मंगल तो बहुत बढ़िया बैठा है इसका।" मग त्यांनी खण उघडून आपल्या मेहुण्याची पत्रिका बाहेर काढली. "ज़रा इनका भी देख लीजिए। तीन साल से शादी अटकी है।"

"मी ज्योतिषी नाही, नैयायिक आहे," हे यज्ञेशरावांनी तिथे मराठीत, हिंदीत आणि अखेरीस संस्कृतात सांगितले. रांगेतल्या लोकांनी ते विनयात जमा केले. मेहुण्याच्या सप्तमस्थानाबद्दल दोन बरे शब्द बोलल्यावर परवान्याचे काम पुढे सरकले आणि फोटोपाशी पुन्हा थांबले. नियमाप्रमाणे दोन्ही कान दिसायला हवे होते.

"दूसरा कान कहाँ है?"

"लढाईत गेला."

"लिखकर दीजिए।"

त्यांनी लिहून दिले. 'सदर कान चौखंब्याच्या बाजूने आलेल्या आक्रमकांशी स्वगल्लीच्या रक्षणार्थ झुंजताना गेला असे.' हे लिहिताना त्यांचा ऊर भरून आला, हे ऋताच्या नजरेतून सुटले नाही.

परवाना हाती आला आणि त्याच संध्याकाळी धर्म आडवा आला. शेजारचे बिंदुमाधवकाका, वय एक्क्याऐंशी, धर्मशास्त्रात गल्लीचे सर्वोच्च न्यायालय. नऊ वर्षांपूर्वी काकांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे देह पडेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही असा संकल्प. नदीपलीकडच्या काठाकडे ते तेव्हापासून पाहतही नसत.

"यज्ञेश, कोतवालाला नेतोस असं ऐकतो."

"होय काका. दोन दिवस."

"अरे, त्याचा क्षेत्रसंन्यास आहे."

यज्ञेशरावांनी ऋताकडे पाहिले, ऋताने छताकडे.

"मी पंचगंगा घाटावर संकल्प सोडला तेव्हा हे पिल्लू माझ्यासमोर बसलं होतं," काका म्हणाले. "पळीतलं पाणी ताम्हनात न पडता याच्या डोक्यावर पडलं. तेव्हापासून तो माझा गुरुबंधू. नऊ वर्षांत त्याने ही गल्ली सोडली का? सांग."

गल्ली त्याने सोडली नव्हती हे खरे. पुढच्या वळणापासून दुसऱ्या कुत्र्यांचे राज्य सुरू होत असल्याने सोडण्याचा प्रश्नही आला नव्हता. पण कारण आणि योगायोग यांतला भेद काकांना समजावणे हे काम यज्ञेशरावांनी लग्नाआधीच सोडून दिले होते. त्यांनी तांत्रिक मुद्दा काढला. "काका, संकल्पात नाव आणि गोत्र उच्चारावं लागतं. कुत्र्याला गोत्र कुठलं?"

"गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप," काका तत्काळ उत्तरले. "आणि त्या काठावर काही बरंवाईट झालं तर गाढवाचा जन्म. तुला ठाऊक आहे."

काठवटीत पीठ मळत असलेल्या अंबिकाबाईंनी मान वर केली. "काका, कुत्र्याचं गाढव झालं तर ते वर चढलं म्हणायचं की खाली उतरलं?"

काका तडक घरी गेले. दोन दिवस ते ग्रंथ चाळत होते. तिसऱ्या दिवशी ते तोडगा घेऊन आले, आणि तो तोडगा इतका निर्दोष होता, की यज्ञेशरावांना काशीत जन्मल्याचा नव्याने अभिमान वाटला. कोतवालाच्या पायाखाली काशीची माती असेल तर तो काशीतच आहे. गाडी कुठेही जावो. अंबिकाबाईंची पुरण निवत ठेवायची मोठी पितळी परात निघाली, घाटाच्या पायऱ्यांवर पुराने आणून टाकलेली गंगेची माती तीत भरली गेली, आणि प्रस्थानाच्या सकाळी परातभर काशी तयार झाली.

गल्लीत गाडी शिरणे अशक्य, आणि कोतवालाला चार गल्ल्यांतून चालवत नेणे म्हणजे चार युद्धे. म्हणून पंचगंगेवरून नाव केली. धुक्यात घाट एकामागून एक पुसट होत होते. नदी आपल्याच आठवणीत वाहावी तशी वाहत होती. आणि त्या धूसर सौंदर्यात एक संस्कृतचा प्राध्यापक मांडीवर मातीची परात आणि परातीत दीड कानाचा कुत्रा घेऊन ताठ बसला होता. समोरून येणाऱ्या नावेतला मल्लाह ओरडला, "का गुरु, मूर्ति बिठावे जात हउवा का?" यज्ञेशरावांनी उत्तर दिले नाही. थोर माणसांच्या वाट्याला उपहास आधी येतो आणि इतिहास नंतर, असा त्यांचा समज होता.

राजघाटापाशी ती घरगाडी उभी होती. पूल ओलांडताना कोतवालाने तोंड वर करून जो आक्रोश केला, त्याने यज्ञेशरावांच्या बुद्धिवादाला तडा गेला. पण पूल संपताच कोतवालाने परातीत ओकारी केली आणि तो झोपला. त्या क्षणी तो धर्मदृष्ट्या कुठे होता, याचा निर्णय काकांनी फोनवर राखून ठेवला.

तलाव अगदी खरा निघाला. डोंगरांच्या ओंजळीत आकाश विसरून राहिले होते. काठावर तंबू, चार घरगाड्या आणि सात कुत्री होती, कोतवाल आठवा. लखनौच्या डॉक्टर रुची यांचा निळ्या डोळ्यांचा, बर्फाळ प्रदेशातला कुत्रा मफिन नावाने ओळखला जात होता. त्याच्या वंशाच्या सहा पिढ्या कागदावर होत्या.

"आपका कौन-सी ब्रीड है?" रुचींनी आपुलकीने विचारले.

"काश्यपगोत्री," यज्ञेशराव म्हणाले. "आणि हा आमच्या मंडळींच्या हातचं सोडून कुणाच्याही हातचं..."

वाक्य पुरे झाले नाही. कोतवाल परातीतून उडी मारून रुचींच्या पायाशी पोचला होता आणि त्यांच्या तळहातावरची माशाची बिस्किटे खात होता. नंतर तो लॅब्रेडॉरवाल्यांकडे गेला, मग दोन पगवाल्या जोडप्याकडे. माधुकरी मागणाऱ्या बटूच्या शिस्तीने त्याने एकेक दार केले आणि अखेर सर्वांगाने तलावात उतरला. नऊ वर्षांचा नेम आणि नऊ वर्षांचा संन्यास, दोन्ही मिळून अकरा मिनिटांत बुडाले. यज्ञेशराव रिकाम्या परातीशेजारी उभे होते. अंबिकाबाई मात्र काठावरच्या घडीच्या खुर्चीवर बसून मनापासून हसत होत्या. "बघितलंत? तोही माझ्याच हातचं खाऊन कंटाळला होता!"

ते हसू ऐकून यज्ञेशरावांना आपला अपमान स्वस्त वाटला. आता फक्त एक ताट यायचे राहिले होते.

ताट आले नाही. कॅम्पचा व्यवस्थापक शार्दूल आला. तरुण, उंच, आणि त्या घटकेला पार कोमेजलेला.

"अंकल, एक प्रॉब्लम हो गई है। हमारे रसोइया महाराज सुबह गाँव चले गए। भाभी को अस्पताल ले जाना पड़ा। सामान सब है, चावल, बेसन, आटा... बनाने वाला कोई नहीं है।"

सगळ्यात जवळचा ढाबा चौदा किलोमीटरवर होता. चारही घरगाड्यांचे चालक गाड्या लावून परवापर्यंत आपापल्या गावी पसार झाले होते. अकरा माणसे शार्दूलभोवती जमली. रुची म्हणाल्या की त्यांना अंडे उकडता येते. लॅब्रेडॉरवाले म्हणाले की त्यांना खाता येते. दिवस कलत होता.

आणि तेव्हा यज्ञेशरावांनी ते पाहिले. कुणी काही सांगितले नव्हते, कुणी विनंती केली नव्हती, तरी अंबिकाबाई खुर्चीवरून उठल्या होत्या, चालत चालत उघड्या स्वयंपाकाच्या छपराखाली पोचल्या होत्या, आणि तांदळाच्या डब्यात हात घालून पुटपुटत होत्या, "जुना दिसतोय. अर्धा तास आधी भिजवायला हवा होता." त्यांचा दुसरा हात पदराकडे गेला. पदर कमरेला खोचला गेला. सव्वीस वर्षांत ती हालचाल यज्ञेशरावांनी हजारो वेळा पाहिली होती, आणि आपोआप बंद होणाऱ्या दारासारखा त्या हालचालीचा आवाज त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आला.

"अंबिका, थांब."

"अहो, अकरा माणसं आहेत. पिठलं-भात टाकते, अर्ध्या तासात..."

"तू तलावापाशी जाऊन बस. स्वयंपाक मी करणार."

ऋताच्या हातातला मोबाईल खाली आला. "बाबा, तुम्ही?"

"अहो, तुम्हाला चूल पेटवता येते का?" अंबिकाबाईंच्या आवाजात खरी काळजी होती.

"तीस वर्षं धुरावरून अग्नी सिद्ध करतोय," यज्ञेशराव म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

पुढच्या दीड तासाने भारतीय तर्कशास्त्राचे जे नुकसान केले, ते भरून निघणे कठीण आहे. गॅसचे सिलिंडर रिकामे निघाले, म्हणून लाकडाची चूल मांडली. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे, हा सिद्धान्त यज्ञेशरावांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांकडून घोकून घेतला होता. इथे धूर होता. धूर छपराखाली होता, तंबूंत होता, मफिनच्या निळ्या डोळ्यांत होता. अग्नी कुठेही नव्हता. शेवटी शार्दूलने पोटावर आडवे होऊन फुंकर मारली. तांदूळ किती घ्यायचा, हे सांगायला कुणी नव्हते. त्यांनी माणशी एक पसा घेतला आणि भात पातेल्याचे झाकण उचलून बाहेरचे जग पाहू लागला. बेसन पाण्यात पडताच त्याच्या गाठी झाल्या. यज्ञेशरावांनी गाठी फोडल्या, त्यांच्या अधिक बारीक गाठी झाल्या. रुची धूर सारत म्हणाल्या, "गुरुजी, फोन पर देख लें, रेसिपी?" पण ज्या घराने शेकडो वर्षे काशीला मराठी पिठले खाऊ घातले, त्या घराला फोनवरून ते शिकायची वेळ यावी, हे त्यांना सोसले नसते.

तलावाकाठी याहून मोठी लढाई चालू होती. अंबिकाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे गच्च धरले होते.

"करपल्याचा वास येतोय ऋता."

"येऊ दे आई."

"त्यांनी हिंग कुठे बघितलाय? नुसतं सांगून येते."

"आई, बस."

त्या तीनदा अर्ध्या उठल्या आणि तीनदा ऋताने त्यांना दंडाला धरून बसवले. चौथ्यांदा त्या उठल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पावले पुढे करून पाण्यात सोडली, आणि हात दांड्यांवरून सुटून मांडीवर आले. पाण्यावर संध्याकाळ केशरी होत गेली. तिकडे पाहत राहिलेल्या यज्ञेशरावांच्या हातून याच वेळी दुसऱ्यांदा भात लागला.

ताट त्यांनी स्वतः वाढले. उजवीकडे भाजी नव्हती म्हणून कांदा, डावीकडे लिंबू, मध्ये भाताची मूद, तिच्यावर पिठले आणि पिठल्यावर कच्च्या तेलाची धार. ताट कसे मांडावे हे ते जाणत होते. आयुष्यभर त्याच्या अलीकडे बसून पाहिले होते. ते घेऊन ते उतारावरून चालत आले. मागे बाकीची भुकेलेली माणसे आणि आठ कुत्री शांत उभी होती, कारण कुणी न सांगताही सगळ्यांना कळले होते की आधी कुणाला वाढायचे आहे. घडीच्या मेजावर ताट ठेवून यज्ञेशराव बाजूला झाले. त्यांचे डोळे धुराने लाल झाले होते, भुवईचा एक भाग होरपळला होता, आणि जन्मात त्यांनी एवढ्या कठीण परीक्षकासमोर विद्यार्थी म्हणून उभे राहण्याचा प्रसंग अनुभवला नव्हता.

अंबिकाबाईंनी घास घेतला. त्या सावकाश चावत होत्या. मग दुसरा घेतला. आपल्याच हातच्या स्वयंपाकाला माणूस काय म्हणणार? कमी-जास्त असले तर ते मुकाट्याने, सगळ्यांच्या मागून, पातेल्याच्या तळाशी उरलेल्या घासांबरोबर गिळायचे असते. अंबिकाबाईंनी पाठ खुर्चीला टेकवली. एखाद्या संस्थानच्या राणीने खलिता वाचून बाजूला ठेवावा, तसे त्यांनी ताटाकडे एकदा पाहिले.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

यज्ञेशराव एक पाऊल पुढे आले.

"आणि भात पार गिजगा झालाय. पिठल्यात गुठळ्या आहेत." त्यांनी लिंबाची फोड उचलली, पिळली, आणि नवऱ्याकडे न पाहता बोट जरासे हलवले. "मीठ आणा. आणि येताना पिठलंही आणा अजून, गुठळ्या जरा कमी बघून."

त्या उठल्या नाहीत. उठण्याचा विचारही त्यांच्या चेहऱ्यावरून गेला नाही.

यज्ञेशराव मीठ आणायला चढ चढून निघाले ते जवळजवळ धावतच. वाटेत शार्दूल भेटला, त्याला त्यांनी थांबवले. मग डॉक्टर रुचींना थांबवले. लॅब्रेडॉरवाल्यांनाही सोडले नाही. मुलीला सुवर्णपदक मिळाल्याची बातमी सांगावी तशी छाती पुढे काढून, काजळलेल्या चेहऱ्याने ते प्रत्येकाला सांगत होते, "सुना आपने? हमारी श्रीमतीजी कह रही हैं, नमक कम है!"